जर्मनीचे गुरुजी : फिलिप मेलँक्थॉन



इतिहासाच्या तासाला युरोपातील धर्मसुधारणेचा धडा आला की मार्टिन ल्यूथरचे नाव येतेच. १५१७ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे त्यांनी चर्चमधील गैरप्रकारांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि पुढे ख्रिस्ती समाजात कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट असे दोन पंथ झाले, एवढे बहुतेकांना पाठ असते. पण त्याच गावात ल्यूथरच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे एक शिक्षक ही फूट सांधण्यासाठी जन्मभर झटले. त्यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

फिलिपचा जन्म १६ फेब्रुवारी १४९७ रोजी ब्रेटेन या लहानशा गावी झाला. वडील शस्त्रे घडविणारे कारागीर होते. फिलिप अकरा वर्षांचा असतानाच ते वारले. मग त्याच्या शिक्षणाकडे आजीचे भाऊ योहान रॉयख्लिन यांनी लक्ष दिले. हे ग्रीक आणि हिब्रूचे मोठे पंडित. घराण्याचे आडनाव श्वार्त्झएर्ट, म्हणजे काळी माती. मुलाची ग्रीकची गोडी पाहून आजोबांनी त्याच अर्थाचे ग्रीक नाव त्याला दिले, मेलँक्थॉन. माळव्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या आपल्या मुलांना या नावाचा अर्थ विसरायला नको.

पुढे हायडेलबर्गच्या विद्यापीठाने वय लहान म्हणून त्यांना वरची पदवी नाकारली. ती त्यांनी १५१४ मध्ये ट्युबिंगेनहून मिळवली. १५१८ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, ते विटेनबर्गला ग्रीकचे प्राध्यापक झाले. तेथे ल्यूथरशी त्यांची मैत्री जुळली. ल्यूथर म्हणजे धगधगता निखारा, तर मेलँक्थॉन शांत आणि नेमके बोलणारे. नव्या पंथाची शिकवण सुसंगतपणे मांडणारे पहिले पुस्तक त्यांनी १५२१ मध्ये लिहिले. या मैत्रीची किंमतही त्यांनी मोजली. रॉयख्लिन जुन्या चर्चमध्येच राहिले आणि नातवावर रुष्ट झाले. जो ग्रंथसंग्रह फिलिपला मिळायचा, तो दुसरीकडे गेला.

भांडण नेमके कशाचे होते? माणसाला देवाची क्षमा कशी मिळते, हा एक प्रश्न होता. दुसरा त्याहून अवघड होता : धर्मात शेवटचा शब्द कोणाचा? कॅथॉलिकांच्या मते शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार पोप, बिशप आणि धर्मपरिषदा यांच्याकडे परंपरेने आला आहे. प्रॉटेस्टंटांच्या मते पोप आणि परिषदाही चुकू शकतात, म्हणून अंतिम प्रमाण बायबलच.

१५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने आउग्सबुर्ग येथे सभा बोलावली. ल्यूथर बहिष्कृत असल्याने तेथे जाऊ शकत नव्हते. प्रॉटेस्टंटांचे निवेदन लिहिण्याचे काम मेलँक्थॉन यांच्यावर आले. २८ कलमांचे ते निवेदन २५ जूनला सम्राटासमोर वाचले गेले. दोन्ही बाजूंना काय काय मान्य आहे, हे त्यांनी आधी मांडले आणि वादाचे विषय शेवटी घेतले. तरीही तडजोड झाली नाही.

१५३६ च्या अखेरीस ल्यूथरने पोपविरुद्ध कडक कलमे लिहिली. मेलँक्थॉन यांनी सही केली, पण खाली वेगळे मत नोंदवले : पोप शुभवर्तमानाच्या आड येणार नसतील, तर ऐक्यासाठी बिशपांवरचे त्यांचे वडीलपण मानायला हरकत नाही, मात्र ते माणसांनी दिलेले म्हणून, देवाने दिलेले म्हणून नव्हे. सगळे सहकारी एका बाजूला असताना असे लिहायला धैर्य लागते.

१५४१ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांचे विद्वान पुन्हा एकत्र बसले. देवाच्या क्षमेच्या प्रश्नावर चक्क एकमत झाले! पण चर्चचा अधिकार आणि प्रभुभोजन या विषयांवर गाडी अडली. झालेले एकमतही रोमला पटले नाही आणि ल्यूथरलाही नाही.

१५४६ मध्ये ल्यूथर वारले. लगेच झालेल्या युद्धात प्रॉटेस्टंट राजे हरले. तेव्हा काही बाह्य विधी परत स्वीकारायला मेलँक्थॉन तयार झाले. पूजेचा पोशाख बदलल्याने श्रद्धा बदलत नाही, असे त्यांना वाटे. यावरून विटेनबर्गलाच शिकलेल्या फ्लासियससारख्यांनी त्यांना भित्रे आणि फितूर ठरवले.

त्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या एका छोट्या पंथाच्या लोकांना देहदंड देण्यास त्यांनी संमती दिली होती. ऐक्यासाठी झटणाऱ्या माणसाचेही मन दुर्बळांच्या बाबतीत आखडू शकते, हे आम्हा शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे.

या सगळ्या धामधुमीत त्यांचे शिकवणे थांबले नाही. १५२६ मध्ये न्यूर्नबर्गची शाळा त्यांच्या सल्ल्याने उभी राहिली. १५२८ मध्ये सॅक्सनीच्या शाळांसाठी त्यांनी मुलांच्या तयारीप्रमाणे तीन गट आखून दिले. व्याकरणाची पाठ्यपुस्तके लिहिली. म्हणूनच लोक त्यांना जर्मनीचे गुरू म्हणू लागले.

१९ एप्रिल १५६० रोजी त्यांचे निधन झाले. विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ल्यूथरच्या जवळच त्यांची समाधी आहे. ऐक्य त्यांना पाहायला मिळाले नाही. मात्र ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, त्याच आउग्सबुर्ग शहरात, कॅथॉलिक आणि ल्यूथरपंथी प्रतिनिधींनी देवाच्या क्षमेविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. रेगेन्सबुर्गला ४५८ वर्षांपूर्वी निसटलेला धागा पुन्हा हाती आला. पोपच्या अधिकाराचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

विद्यार्थ्यांनो, वर्गात किंवा घरात वाद झाला की आधी आपले कुठे जुळते ते कागदावर लिहून पाहा. उरलेला वाद बहुधा आपण समजत होतो त्याहून लहान निघतो. आणि कधी तो मिटला नाही, तरी तो कागद जपून ठेवा. पुढे कोणाच्या तरी कामी येईल.