फुलीच्या जागी सही : सेप्टिमा क्लार्क यांचे जीवन

तुमच्या घरात एखादी आजी असेल, एखादे वडीलधारे काका असतील. कागद पुढे आला की त्यांचा डावा अंगठा आपोआप शाईकडे जातो. मुले शाळेत गेली, नातवंडे कॉलेजात गेली, पण त्यांच्या हाती अक्षर आले नाही. हे काही शिकण्याचे वय नव्हे, असे ते धरून चालतात आणि आपणही ते मुकाट्याने मान्य करतो. अशाच माणसांना लिहावाचायला शिकविण्यात जिचे आयुष्य खर्ची पडले, त्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. तिचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. देश अमेरिका, राज्य साउथ कॅरोलिना.

या राज्यातील चार्ल्सटन हे समुद्रकाठचे बंदर. तेथे ३ मे १८९८ रोजी सेप्टिमाचा जन्म झाला. वडील पीटर पॉइन्सेट हे जन्माने गुलाम. लहानपणी त्यांच्याकडे कोणते काम होते, ते ऐका. मालकाच्या मुलांना शाळेत पोहोचवायचे आणि त्यांची पुस्तके वाहून न्यायची. पुस्तकांचे ओझे या मुलाच्या हाती, पण त्यातले अक्षर त्याच्यासाठी नव्हते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अक्षराची बंदी दुसऱ्या वाटेने चालूच राहिली. आई व्हिक्टोरिया लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावीत असे. ती बाणेदार होती. गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबणार नाही, हा तिचा निश्चय होता. मुलांनी शिकलेच पाहिजे, हा दोघांचा आग्रह होता.

१९१६ साली सेप्टिमा एव्हरी संस्थेतून शिक्षण पुरे करून बाहेर पडली. चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत तेव्हा काळ्या मुलांना शिकविण्यासाठीही काळा शिक्षक चालत नसे. म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी ती जॉन्स आयलंड नावाच्या जवळच्या बेटावर नोकरीला गेली. तेथे होडीने जावे लागे. शाळेत १३२ मुले आणि शिकविणाऱ्या दोघी. समोरच गोऱ्यांची शाळा होती. तेथे मुले तीन, शिक्षिका एक आणि तिचा पगार क्लार्कबाईंच्या दुपटीहूनही जास्त.

शाळेत पुस्तके नव्हती, तक्ते नव्हते. बाईंनी कागदी पिशव्या उलगडून त्यांचेच तक्ते केले. बेटावरची झाडे, शेतातली कामे, मुलांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांवर लिहिल्या आणि त्याच वाचायला शिकविल्या. संध्याकाळी मोठी माणसेही येऊ लागली. बेटावरच्या काही पुरुषांनी आपले मंडळ काढले होते. सभेत चार शब्द बोलता यावेत, मंडळाचे कामकाज वाचता-लिहिता यावे, एवढी त्यांची मागणी होती. प्रौढ माणूस शिकायला येतो तो आपले काम घेऊन येतो, हे बाईंना येथे पहिल्यांदा दिसले. ही गोष्ट त्या पुढे कधी विसरल्या नाहीत.

१९१९ साली त्या चार्ल्सटनला परतल्या. सरकारी शाळांत काळे शिक्षक नेमावेत म्हणून तेथे सह्यांची मोहीम सुरू होती. ही मागणी थोड्या शिकलेल्यांचीच आहे, स्वयंपाकिणी आणि धोबिणी असले काही मागत नाहीत, असा गोऱ्या पुढाऱ्यांचा दावा होता. बाई घरोघर फिरल्या. राबणाऱ्या माणसांच्या हजारो सह्या गोळा झाल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी खूण केली. १९२० साली नियम बदलला.

त्याच वर्षी नौदलातील नेरी क्लार्क यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पहिली मुलगी काही दिवसांतच गेली. पुढे मुलगा झाला, पण १९२५ साली पतीचे निधन झाले. एकट्या शिक्षिकेच्या तुटपुंज्या पगारात मुलाला सांभाळणे जमेना. त्याला सासूसासऱ्यांकडे ठेवावे लागले. हे दुःख उराशी धरून त्या कोलंबिया शहरात १९४७ पर्यंत शिकवीत राहिल्या. नोकरी करता करताच १९४२ साली पदवी आणि १९४६ साली एम. ए. मिळविली. त्याच शहरात त्यांनी सैनिकांच्या छावणीत निरक्षर काळ्या शिपायांना शिकविले. पगारपत्रकावर सही कशी करावी, बसची पाटी कशी वाचावी, हा तेथला अभ्यास. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना समान वेतन मिळावे म्हणून थर्गूड मार्शल या वकिलांनी जो खटला चालविला, त्यासाठीही बाई झटल्या. १९४५ साली निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला.

१९५६ साली कसोटीची वेळ आली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणारी राष्ट्रीय संघटना होती, तिचे सभासद असलेल्याला सरकारी नोकरीत राहता येणार नाही, असा कायदा राज्याने केला. अनेकांनी सभासदत्व लपविले. बाईंनी ते उघडपणे लिहून दिले. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर पेन्शनही गेली. या कायद्याविरुद्ध उभे राहा, असे सांगणारी ७२६ पत्रे त्यांनी काळ्या शिक्षकांना पाठविली होती. उत्तरे आली २६. महिलांच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार केला, पण त्यांच्याबरोबर फोटोत उभे राहण्याचे धैर्य सभासद बायकांना झाले नाही. त्यांनाही आपापल्या नोकऱ्या होत्या.

पण बाई थांबल्या नाहीत. टेनेसी राज्यातील मॉन्टईगल येथे माइल्स हॉर्टन यांनी हायलँडर नावाची लोकशाळा चालविली होती. काळे आणि गोरे तेथे एका छपराखाली राहात, एका पंक्तीला जेवीत. त्या मुलखात ही केवढी धाडसाची गोष्ट होती, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. बाई तेथे १९५४ पासून जात होत्या. नोकरी गेल्यावर त्या तेथेच कामाला लागल्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिरात रोझा पार्क्स येऊन गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार दिला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साउथ कॅरोलिनाच्या १८९५ च्या राज्यघटनेप्रमाणे मतदार होण्यासाठी घटनेचे एखादे कलम वाचून दाखवावे लागे, नाही तर तीनशे डॉलर किमतीची मालमत्ता दाखवावी लागे. आधी शाळा द्यायची नाही आणि मग वाचता येत नाही म्हणून मत द्यायचे नाही, असा हा दुहेरी फास होता. जॉन्स आयलंडवर ईसॉ जेन्किन्स नावाचे कार्यकर्ते होते. बेटावरच्या मजुरांना ते आपल्या बसने चार्ल्सटनला नेत आणि वाटेत त्यांना घटनेची कलमे समजावून सांगत. बसमधल्या एका बाईने ऐकून ऐकून ते कलम तोंडपाठ केले आणि त्या जोरावर नाव नोंदविले. परंतु तिला खरेच वाचायला शिकायचे होते. तिच्या या मागणीतून शाळेची कल्पना पुढे आली.

जागा कोण देणार? हायलँडरच्या कर्जातून बेटावरच्या मंडळाने एक जुनी इमारत घेतली. पुढे किराण्याचे दुकान थाटले आणि मागच्या खोल्यांत शाळा भरविली, म्हणजे बाहेरच्यांना संशय नको. शिक्षिका म्हणून बाईंनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या शिक्षिका नव्हत्या. केशभूषेचे दुकान चालवीत, कपडे शिवीत. हीच त्यांची लायकी ठरली. त्यांची गिऱ्हाइके काळी होती, त्यामुळे कोणी गोरा मालक त्यांची भाकरी हिरावून घेऊ शकत नव्हता. शिवाय आपण फार शिकलेल्या आहोत अशा तोऱ्यात त्या कोणाशी बोलणाऱ्या नव्हत्या.

७ जानेवारी १९५७ च्या रात्री पहिला वर्ग भरला. चौदा प्रौढ आले. बर्निसबाईंनी लहान मुलांची पुस्तके आणली होती. पोक्त माणसांसमोर ती बालिश ठरतील, हे त्यांना तेव्हाच उमगले आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. मग त्यांनी प्रत्येकाला, तुला काय शिकायचे आहे, एवढेच विचारले. कोणाला आपले नाव लिहायचे होते. कोणाला परगावच्या मुलाचे पत्र वाचायचे होते. कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. हाच अभ्यासक्रम झाला.

पद्धत साधी होती. जाड पुठ्ठ्यावर ज्याचे त्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे. त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरवायची, म्हणजे अक्षराचे वळण हाताला ओळखीचे होते. नांगर धरणाऱ्या हाताला पेन्सिल हलकी वाटते आणि ती मोडते. मोडली तर दुसरी द्यायची, बोलायचे नाही. एका पासष्ट वर्षांच्या बाईंना फळ्यावर लिहिलेल्या अनेक नावांतून आपले नाव ओळखता आले, तो क्षण त्या वर्गात कोणी विसरले नाही. तोवर कागदावर सहीच्या जागी त्या फुली मारीत आल्या होत्या. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला होता. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता आला पाहिजे, हे बर्निसबाईंनी ठरविले होते. आठवड्यातून दोन रात्री, शेतीची कामे थंडावलेली असताना, हा वर्ग चालला आणि त्यातले अनेकजण मतदार झाले.

गोऱ्या सत्तेला हे सहन होणे शक्य नव्हते. १९५९ च्या जुलैत हायलँडरवर धाड पडली. दारू बाळगल्याच्या आरोपाखाली साठी ओलांडलेल्या क्लार्कबाईंना अटक झाली. कधी दारूला न शिवलेल्या बाईंवर हा आळ! १९६१ साली शाळेची सनदच रद्द झाली. पण तोपर्यंत वर्गांचे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपविले गेले होते. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे शिक्षक तयार करू लागले. गावोगावची माणसे बसने येत आणि काही दिवस शिकून परत जात. पदवीची अट नव्हती. मोठ्याने नीट वाचता यावे आणि फळ्यावर लिहिता यावे, एवढे पुरे. परत गेलेला माणूस स्वयंपाकघरात, केशभूषेच्या दुकानात, झाडाखाली, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग उघडी.

त्यांच्या पुस्तिकांत मतनोंदणीचा फॉर्म होता, राज्याचे कायदे होते, पैशाचे व्यवहार होते. गणित शेताच्या बियाण्याचे आणि खताचे. एक गणित तर असे होते : सत्याग्रहात दहा विद्यार्थी पकडले गेले, प्रत्येकाला पंचाहत्तर डॉलर दंड झाला, तर एकूण दंड किती? गुणाकारही शिकायचा आणि जगही ओळखायचे. हे काम जिवावरचे होते. १९६३ साली मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर अशाच शिबिराहून परतत असताना त्यांना विनोना गावी पकडून तुरुंगात अमानुष मारहाण झाली. १९६५ साली केंद्राने मतदान हक्काचा कायदा केला आणि त्या राज्यांतील वाचनाची परीक्षा बंद पडली. १९७० पर्यंत असे सुमारे नऊशे वर्ग निघाले होते.

संघटनेच्या कार्यकारिणीवर क्लार्कबाई होत्या, पण बाईमाणूस तेथे कशाला, असे काही पुरुष पुढाऱ्यांना वाटे. बाईंनी तेही सोसले आणि त्यावर स्पष्ट बोलल्यादेखील. १९७० साली त्या निवृत्त झाल्या. १९७५ साली चार्ल्सटनच्या जिल्हा शाळा मंडळावर निवडून आल्या. ज्या शहराने त्यांना शाळेबाहेर काढले, तेथल्या शाळांचा कारभार पाहण्यासाठी त्या सन्मानाने परतल्या. १९७६ साली त्यांची पेन्शन पुन्हा सुरू झाली. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे पाहा. बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाने मतासाठी अक्षराची अट घातली नाही. जॉन्स आयलंडच्या माणसांना ज्यासाठी रात्री जागवाव्या लागल्या, ते तुमच्या आजीला अंगठा उठवूनही मिळाले. म्हणून अक्षराची गरज संपली, असे समजू नका. ज्याला वाचता येत नाही, त्याला आपल्या कागदात काय लिहिले आहे हे दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते.

तेव्हा आजच्या रात्रीच सुरुवात करा. आजीच्या पुढे बालवर्गाचे पुस्तक ठेवू नका. तिला काय वाचायचे आहे, ते आधी विचारा. रेशनकार्ड असेल, बँकेचे पासबुक असेल, एसटीची पाटी असेल. बुद्धवंदना तिला तोंडपाठ असेल, तर तीच छापलेली पुस्तिका पुढे ठेवा. पाठ असलेला शब्द डोळ्यांना लवकर सापडतो. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर तिचे नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यावरून तिचा हात फिरू द्या. ती चुकली तर मुलांना हसू देऊ नका. शिकवायला घरातली दहावीची मुलगी पुरेशी आहे. संविधानाची उद्देशिका भिंतीवर लावा आणि वर्षभरात आजीने ती स्वतः वाचावी, असे ठरवा. पुढच्या निवडणुकीत मतदान केंद्रावरची नोंदवही पुढे येईल, तेव्हा शाईचा डबा बाजूला सारून तिने पेन मागावे.