जॉन स्टुअर्ट मिल : विशीतला अंधार

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा विजययात्रेसारखी वाचतो. जन्म, बालपणीची चुणूक, संकटे, यश आणि कीर्ती असे टप्पे क्रमाने येतात. आणि संकट म्हटले की दारिद्र्य, तुरुंगवास किंवा शत्रू एवढेच आपल्याला आठवते. परंतु ज्याच्या घरी विद्येची कमतरता नाही, ज्याच्या बुद्धीने वडीलधारे थक्क होतात, ज्याचा कोणाशी दावा नाही, अशा तरुणाचे मनही एखाद्या दिवशी अकस्मात काळवंडते. आणि ज्यांना ते दुःख सांगायचे त्या घरच्या माणसांनाच ते उमगणार नाही, अशी त्याची खात्री होऊन बसते. एकोणिसाव्या शतकातील विख्यात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या आयुष्यात असे घडले. त्यांच्या ग्रंथांची नावे पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असतात. त्यांच्या विसाव्या वर्षाची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तीच आम्ही येथे सांगणार आहोत.

जॉनचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमधील पेंटनव्हिल भागात झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत वडील. त्याचे वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधील एका चांभाराचे पुत्र. केवळ विद्येच्या बळावर ते पुढे आले होते आणि लेखणीवर एवढ्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत होते. जॉन जन्मला त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहावयास घेतला. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता लिहिलेला तो ग्रंथ १८१७ साली पुरा झाला आणि त्याच्यामुळे त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत मानाची जागा मिळाली.

या व्यापातूनही जेम्स मिल यांनी मुलाचे संपूर्ण शिक्षण स्वतःच्या हाती घेतले. तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषेचा श्रीगणेशा झाला. वडील पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून देत व मुलगा ते पाठ करी. वडील ज्या टेबलाशी बसून लेखन करीत त्याच टेबलाशी बसून मुलगा अभ्यास करी आणि अडलेला प्रत्येक शब्द त्यांनाच विचारी. आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले. स्वतः शिकलेले लगेच धाकट्या भावंडांना शिकवायचे, आणि त्यांचे पाठ कच्चे निघाले तर जबाबदारी याची, असा घरचा नियम होता. सकाळी न्याहारीपूर्वी वडिलांबरोबर फिरावयास जाताना आदल्या दिवशी वाचलेल्या इतिहासाचा गोषवारा तोंडी सांगावा लागे. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र आणि तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सुट्टी अशी नसेच. समवयस्क मुलांत खेळण्याची मोकळीकही नव्हती, कारण त्यांच्या संगतीने मुलगा बिघडेल अशी वडिलांना धास्ती वाटे.

वडिलांच्या कष्टांविषयी आणि प्रामाणिक हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. मात्र त्या घरात एका गोष्टीला थारा नव्हता, ती म्हणजे भावना. उत्कट भावना दाखविणे हे जेम्स मिल यांना दुबळेपणाचे लक्षण वाटे. ते शीघ्रकोपी होते. प्रशंसेचा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. आईवडिलांच्या मनांचाही मेळ बसलेला नव्हता. संसाराच्या रगाड्यात बुडालेल्या आईशी या मुलाची जवळीक अशी कधी झालीच नाही. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात तिचा उल्लेख जवळजवळ आढळत नाही. वडिलांविषयी त्याला आदर होता, धाक होता. मन उघडे करावे असा जिव्हाळा मात्र त्या नात्यात उपजला नव्हता.

पंधराव्या वर्षी वडिलांचे स्नेही जेरेमी बेंथॅम यांचे विचार जॉनच्या वाचनात आले. अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख साधावे, कायदे व संस्था याच कसोटीवर सुधाराव्या, हे त्या विचारांचे सार. मुलगा भारावून गेला. जगाची सुधारणा करणे हेच आपले जीवितकार्य, असे त्याने ठरविले. १८२३ साली, सतरावे वर्ष पुरे होताच, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत वडिलांच्याच हाताखाली नोकरीस लागला. कचेरीचे काम सांभाळून वर्तमानपत्रांत लेख, वादविवाद मंडळात भाषणे आणि मित्रांबरोबर पहाटेचा अभ्यास चाले. बेंथॅमच्या विस्कळीत हस्तलिखितांतून न्यायालयीन पुराव्यावरील पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध करण्याचे प्रचंड कामही त्याने याच वर्षांत पार पाडले. तो ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला.

अशा ऐन उमेदीत, १८२६ च्या शरदऋतूत, जॉनने एके दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारला. ज्या सुधारणांसाठी आपण झटत आहोत त्या सगळ्या या क्षणी पूर्ण झाल्या, तर आपल्याला आनंद होईल काय? मनाने स्पष्ट उत्तर दिले की, होणार नाही. त्या उत्तराबरोबर आयुष्याचा पायाच खचल्यासारखे त्याला झाले. ज्या ध्येयावर सारे उभे होते त्याचीच गोडी गेली, मग जगावयाचे कशासाठी, हे त्याला कळेना.

प्रथम त्याला वाटले की, एका रात्रीच्या झोपेने हे मळभ निघून जाईल. ते गेले नाही. सकाळी जाग येताच तेच दुःख पुन्हा उशाशी उभे असे. आवडती पुस्तके उघडली तर त्यांतील अक्षरे निर्जीव वाटत. संगीताची त्याला मनापासून आवड होती. पण तेथेही एक विचित्र चिंता त्याला पोखरू लागली. सप्तकातील स्वर मोजकेच, त्यांच्या सुंदर रचनाही मोजक्याच. त्या एक दिवस संपून गेल्या म्हणजे काय, या विचाराने तो हैराण होई. नैराश्याने ग्रासलेले मन आनंदाच्या जागीही चिंतेला कसे बोलावून आणते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

घरात एवढी माणसे असताना त्याने हे कोणाला सांगितले? कोणालाच नाही. एरवी कोणतीही अडचण आली की तो वडिलांकडे जाई. या अडचणीत मात्र त्यांच्याकडे जाणे त्याला अशक्य वाटले. त्यांना हे दुःख समजणार नाही, आणि समजले तरी त्यावर त्यांच्याजवळ उपाय नाही, अशी त्याची समजूत होती. शिवाय मुलाच्या शिक्षणावर वडिलांनी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली होती. ते शिक्षण फसले असे सांगून त्यांना दुखवावे, हे त्याच्याने होईना. आपले कोणावर एवढे प्रेम असते की त्याच्याजवळ मन मोकळे करावे, तर मुळात ही अवस्थाच आली नसती, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्याला मित्र होते. पण ते सभेतले आणि चर्चेतले होते. असे दुःख त्यांना सांगण्याची कल्पनाही त्याच्या मनाला शिवली नाही.

तो सबंध हिवाळा जॉनने याच अवस्थेत काढला. कचेरीत जाणे त्याने सोडले नाही. वादविवाद मंडळातील भाषणेही चालू राहिली. परंतु हे सारे केवळ सवयीने, यंत्रवत् चाललेले होते. असे जिणे वर्षभराहून अधिक आपल्याला झेपणार नाही, असेही त्याला वाटू लागले. आजूबाजूच्या माणसांना तो नेहमीसारखाच कामसू, हुशार तरुण दिसत असला पाहिजे. ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याचे काम सुरळीत चालले आहे त्याचे मनही सुरळीत असेल, असा निर्वाळा बाहेरून देता येत नाही.

सुमारे सहा महिने लोटल्यावर उजेडाची पहिली तिरीप अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो वाचीत होता. वडिलांच्या मृत्यूने हवालदिल झालेल्या कुटुंबाला कोवळ्या वयाचा मुलगा धीर देतो आणि गेलेल्या माणसाची जागा आपण भरून काढू असे आश्वासन देतो, असा एक प्रसंग त्यात आहे. तो वाचताना जॉनच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्या आसवांनी त्याला केवढा दिलासा दिला! आपल्या अंतःकरणाचा दगड झालेला नाही, त्यात अजून ओलावा आहे, हे त्याला त्या क्षणी कळले. पुढे हळूहळू ऊन, आकाश, पुस्तके, संभाषण, सार्वजनिक काम यांत थोडी थोडी रुची वाटू लागली. अंधार एकदम फिटला मात्र नाही. तो पुनःपुन्हा परतून आला आणि कधी कधी महिनेच्या महिने मुक्कामाला राहिला; परंतु पहिल्याइतका दाट तो पुन्हा कधी झाला नाही.

या अनुभवातून जॉनने दोन बोध घेतले. एक असा की, सुखाच्या मागे थेट धावणाऱ्याच्या हाती सुख लागत नाही. दुसऱ्याचे हित, एखादी विद्या किंवा कला यांत जीव ओतला म्हणजे ते वाटेत आपण होऊन भेटते. आपण सुखी आहोत की नाही, हे घडोघडी तपासत बसल्याने आहे ते सुखही विरून जाते. दुसरा बोध असा की, बुद्धीला जशी मशागत लागते तशीच भावनांनाही लागते. नुसत्या तर्काच्या खुराकावर माणूस जगू शकत नाही. मग तो काव्याकडे वळला. प्रथम बायरनच्या कविता उघडल्या. पण त्या कवीची खिन्नता त्याच्या स्वतःच्याच खिन्नतेसारखी निघाली आणि तिने काही उपकार केला नाही. १८२८ च्या शरदात त्याने वर्ड्‌स्वर्थ वाचला आणि त्याला हवे ते औषध मिळाले. डोंगर, झाडे, साधी माणसे यांच्या सहवासात सर्वांना मिळू शकणारा, कधी न आटणारा शांत आनंद त्या काव्यात त्याला गवसला. याच सुमारास वादविवाद मंडळातून फ्रेडरिक मॉरिस आणि जॉन स्टर्लिंग यांच्याशी त्याची ओळख झाली. मतांत अंतर असूनही स्टर्लिंगशी त्याचा स्नेह फार घट्ट झाला. घरी न मिळालेली आत्मीयता अशा रीतीने त्याला घराबाहेर मिळाली.

वडिलांशी त्याने वैर मात्र धरले नाही. १८३६ साली जेम्स मिल यांचे निधन होईपर्यंत पिता-पुत्र एकाच कचेरीत काम करीत होते. आत्मचरित्रात वडिलांच्या शिक्षणपद्धतीतील उणीव मिल यांनी लपविली नाही, आणि त्यांचे ऋण सांगताना हातही आखडता घेतला नाही. ज्यांनी आपल्याला सर्वस्व दिले त्यांना एक गोष्ट देता आली नाही, हे एवढ्या समतोलपणे सांगणे सोपे नसते.

मिल यांचे पुढील आयुष्य सर्वश्रुत आहे. कंपनीच्या कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षे सेवा केली आणि हिंदुस्थानातील देशी संस्थानांसंबंधीचे कितीतरी खलिते त्यांच्या लेखणीतून उतरले. हॅरिएट टेलर या विदुषीशी १८३० साली परिचय झाला आणि १८५१ साली विवाह झाला. १८५९ साली स्वातंत्र्यावरील आणि १८६९ साली स्त्रियांच्या दास्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६५ ते १८६८ या काळात ते पार्लमेंटचे सभासद होते. १८६७ साली स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी मांडलेल्या सूचनेला ७३ मते पडली, विरुद्ध १९६. पराभव झाला, पण प्रश्नाला तोंड फुटले. आपल्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिल यांच्या ग्रंथांचा केवढा ठसा उमटला, हे मराठी वाचकांना वेगळे सांगावयास नको. मे १८७३ मध्ये फ्रान्समधील आव्हीन्याँ येथे मिल यांचा अंत झाला आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपली तरुणपणीची अवस्था आपल्याला वाटली तेवढी जगावेगळी नव्हती, अशी कबुली त्यात त्यांनी दिली आहे. विसाव्या वर्षी हे त्यांना सांगणारे कोणी जवळ असते, तर तो हिवाळा कदाचित इतका लांबला नसता.

विद्यार्थी मित्रहो, मिल यांच्या काळी या अवस्थेकडे आजार म्हणून पाहणारे वैद्य हाताशी नव्हते. आज नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे, हे सर्वमान्य आहे. घरी कोणी तुमच्या उदासीला आळस म्हणेल, कोणी नसती थेरे म्हणेल. त्यांचे तुमच्यावर प्रेम नाही असा त्याचा अर्थ करू नका, आणि त्यांच्या शब्दापाशी थांबूही नका. एका दाराने प्रतिसाद दिला नाही तर दुसरे दार ठोठावा. शिक्षक, मावशी, आत्या, काका, एखादा थोरला मित्र, डॉक्टर, यांपैकी कोणाला तरी सांगा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली मानस ही सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तेथे दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते.

आणि पालकांना एक विनंती. जेम्स मिल यांनी मुलाला काय दिले नाही? ग्रीक दिले, लॅटिन दिले, तर्कशास्त्र दिले, स्वतःचा अमोल वेळ दिला. तरीही त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसून तो मुलगा एक अख्खा हिवाळा मनातल्या मनात कुढत राहिला आणि वडिलांना त्याचा पत्ताही लागला नाही. आपल्या मुलाची गुणपत्रिका आपण वर्षातून दोनतीनदा तरी निरखून पाहतो. तो अलीकडे कशाने हसला, कशाने गप्प झाला, हेही आज संध्याकाळी जेवताना त्याला विचारून पाहावे.