अर्नेस्ट एव्हरेट जस्ट : समुद्रकाठी गेलेले वीस उन्हाळे

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात ज्यांनी नेरिसचं डिसेक्शन केलं आहे, त्यांना तो लांबट, दोन्ही अंगांना झालर लावल्यासारखा दिसणारा समुद्री किडा नक्की आठवत असेल. जर्नलमध्ये त्याची आकृती काढायची, पेन्सिलीने रेघा ओढून नावं लिहायची आणि सरांची सही घेऊन मोकळं व्हायचं. मीही तेवढंच केलं. पण याच किड्याच्या अंड्यासाठी ज्या माणसाने आयुष्यातले वीस-एक उन्हाळे दिले, त्याचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात मला कधी दिसलं नाही. ते नाव अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. साहित्य मंडळाच्या अंकात किड्यांचं काय काम, असं कुणी विचारेलच. जस्ट यांची पहिली नोकरी इंग्रजी शिकवण्याची होती, एवढं उत्तर मी तयार ठेवलं आहे.

त्यांचा जन्म 14 ऑगस्ट 1883 रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन या बंदराच्या शहरी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून अठरा वर्षं झाली होती. पण कायदा संपला म्हणून माणसांची नजर बदलत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. वडील आणि आजोबा दोघेही धक्के बांधणारे कारागीर. अर्नेस्ट चार वर्षांचा असताना वडील गेले. मागे राहिली आई, मेरी, आणि लहान लहान मुलं.

या आईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते जस्ट यांच्या चरित्रातली सगळ्यात उंच व्यक्ती तीच आहे. ती शाळेत शिकवायची आणि तेवढ्यात भागत नसे म्हणून चार्ल्सटनजवळच्या जेम्स आयलंडवर फॉस्फेटच्या खाणीत मजुरी करायची. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांना तिने जमिनी विकत घ्यायला लावल्या, एकत्र वस्ती करायला लावली. ती वस्ती पुढे तिच्याच नावाने मेरीव्हिल म्हणून ओळखली गेली. तिने तिथे शाळाही उभी केली. नवरा गेलेली एक बाई, हातात पैसा नाही, आणि ती गाव वसवते! आपल्याकडे अशा बाईवर एव्हाना दोन नाटकं आणि एक मालिका आली असती.

लहानपणी अर्नेस्टला टायफॉइड झाला. तो जिवावरचं दुखणं काढून उठला, पण वाचायला शिकलेला मुलगा वाचणंच विसरला. अक्षरापासून पुन्हा सुरुवात. आईने पुन्हा शिकवलं, आणि पुन्हा शिकवताना तिचाही धीर सुटायला आला होता म्हणतात. तेराव्या वर्षी त्याला ऑरेंजबर्गच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिक्षक होण्यासाठी पाठवलं. पण दक्षिणेत राहून मुलाचं भलं होणार नाही हे आईने ओळखलं होतं. सोळाव्या वर्षी तो उत्तरेला न्यू हॅम्पशायरमधल्या किंबल युनियन अकॅडमीत दाखल झाला. तिथला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत पुरा केला, शाळेचं नियतकालिक संपादित केलं, वादविवाद मंडळाचं अध्यक्षपद भूषवलं. याच काळात तो एकदा घरी गेला तेव्हा आईला मूठमाती देऊन तासच झाला होता.

पुढे डार्टमथ कॉलेज. तिथे एकदा अंड्याच्या फलनाबद्दल आणि वाढीबद्दल वाचताना त्याला आपला विषय सापडला. 1907 साली तो पदवीधर झाला, आणि त्या वर्गात तशा उच्च श्रेणीचा मान मिळवणारा तो एकटाच होता. पदवीदान समारंभात भाषण करण्याचा हक्क त्याचा होता. तो दिला गेला नाही. वर्गातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने व्यासपीठावरून बोलणं प्राध्यापकांना अवघड वाटलं.

आता पदवी तर मिळाली, पण नोकरी कुठे? गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती. उरली ती कृष्णवर्णीयांसाठी असलेली मोजकी कॉलेजं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जस्ट इंग्रजी शिकवू लागले. दोन-तीन वर्षांत त्यांना जीवशास्त्राकडे वळवण्यात आलं, आणि 1912 पासून मरेपर्यंत ते तिथल्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. वैद्यकीय शाखेच्या मुलांना ते शरीरक्रियाशास्त्रही शिकवत. हे काम किती महत्त्वाचं होतं ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी फक्त दोन ठेवण्याजोग्या ठरवल्या, आणि त्यातली एक हॉवर्डची. लाखो माणसांसाठी जे थोडे डॉक्टर तयार होणार होते, त्यातले पुष्कळसे जस्ट यांच्या वर्गातून जाणार होते.

17 नोव्हेंबर 1911 ची संध्याकाळ हॉवर्डमध्ये अजून आठवली जाते. एडगर लव्ह, ऑस्कर कूपर आणि फ्रँक कोलमन ही तीन मुलं जस्ट सरांच्या खोलीत जमली आणि सरांच्या साथीने त्यांनी ओमेगा साय फाय हे बंधुमंडळ काढलं. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात जन्मलेलं हे अशा तऱ्हेचं पहिलं मंडळ. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना ते आधी पसंत नव्हतं. मुलं एकत्र आली की कारभाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, मग देश कुठलाही असो. सर मात्र मुलांच्या बाजूने उभे राहिले. पुढे रक्तपेढीच्या कामासाठी नावाजलेले डॉक्टर चार्ल्स ड्रू आणि कवी लँगस्टन ह्यूज याच मंडळाचे सभासद झाले.

पण जस्ट यांचा जीव होता तो समुद्रात. 1909 च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेले. प्रमुख होते शिकागोचे प्राध्यापक फ्रँक लिली. जस्ट त्यांचे मदतनीस. नेरिसची गंमत अशी की तो एरवी तळाच्या चिखलात असतो, आणि उन्हाळ्यात चांद्रमासाच्या ठराविक दिवसांत, अंधार पडल्यावर, पृष्ठभागावर येऊन झुंडीने पोहतो. हातात कंदील घेऊन पाण्याकाठी बसायचं. आधी नर येतात, चपळ आणि मागच्या अंगाला लाल. मग मोठाल्या, फिकट माद्या. नर मादीभोवती घिरट्या घालतात, दोघंही पाण्यात अंडी आणि शुक्राणू सोडतात, आणि खेळ संपतो. लिली आणि जस्ट यांनी 1913 मध्ये यावर निबंध लिहिला. पाण्यात जाळी घालून बसलेल्या या माणसाला त्या झुंडींची वेळ आपल्या कोळ्यांना भरती-ओहोटी कळावी तशी कळू लागली.

त्यांचा पहिला स्वतंत्र निबंध 1912 चा. प्रश्न साधा वाटेल असा आहे. फलन झालेलं अंडं दोन भागांत दुभंगतं, ती पहिली चीर कुठे पडायची हे कोण ठरवतं? नेरिसच्या अंड्यातून फलनाच्या वेळी जेलीसारखा थर बाहेर येतो. पाण्यात काळी शाई कालवली की शुक्राणू जिथे चिकटला ती जागा त्या जेलीत उठून दिसते. शाईच्या त्या खुणेवर नजर ठेवून जस्ट यांनी दाखवलं की पहिली चीर शुक्राणूच्या प्रवेशबिंदूतूनच जाते. आणि तो प्रवेश अंड्याच्या कुठल्याही बाजूने होऊ शकतो. म्हणजे अंडं हे आधीच आखून ठेवलेलं यंत्र नव्हे. बाहेरून जे येतं त्याला ते उत्तर देतं.

याच विचाराचा धागा त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. सँड डॉलर नावाच्या चपट्या, सी-अर्चिनच्या भाऊबंदातल्या प्राण्याच्या अंड्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. शुक्राणू टेकताच अंड्याच्या पृष्ठभागावरून एक बदल लाटेसारखा सरकत जातो आणि दुसऱ्या शुक्राणूला वाट बंद होते. बाहेरचं पातळ आवरण अजून उचललं जायचं असतं, त्याच्याही आधी हे घडतं. साध्या सूक्ष्मदर्शकातून, डोळ्यांत तेल घालून पाहिलेली ही गोष्ट पुढच्या पिढ्यांनी नव्या उपकरणांनी तपासली आणि खरी मानली.

वुड्स होलमध्ये त्यांची ख्याती होती ती अंडी हाताळण्याबद्दल. काचेचं भांडं स्वच्छ हवं, पाणी ताजं हवं, पाण्याचं तापमान बदलता कामा नये, प्राणी नुकताच आणलेला हवा. हे सगळं होईपर्यंत प्रयोग सुरूच करायचा नाही. आधी निरोगी अंडं कसं वागतं ते माहीत करून घ्या, मग त्याला आम्ल पाजा, हा त्यांचा हट्ट. भले भले गोरे प्राध्यापक अडले की त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे. तेच लोक जेवणाच्या टेबलावर मात्र शेजारी बसायला कचरायचे. उन्हाळ्यात कुटुंबाला सोबत आणलं तर बायकोच्या आणि मुलांच्या वाट्यालाही तोच परकेपणा यायचा.

या हट्टापायी त्यांनी वैरही ओढवून घेतलं. जाक लोब हे त्या काळचं फार मोठं नाव. खारट पाण्याचं प्रमाण बदलून शुक्राणूशिवाय अंडं वाढीला लावणारे शास्त्रज्ञ. सुरुवातीला त्यांनी जस्ट यांना पाठिंबा दिला होता. पण जस्ट यांनी त्यांच्या उपपत्तीतल्या चुका प्रयोगाने दाखवायला सुरुवात केली, तसे लोब उलटले आणि संशोधनाला पैसा देणाऱ्यांच्या कानी जस्ट यांच्याविरुद्ध शब्द घालू लागले.

मान मिळाला नाही असं नाही. एनएएसीपी या संस्थेचं स्पिंगार्न पदक 1915 साली पहिल्यांदा दिलं गेलं, ते जस्ट यांना. न्यूयॉर्कचे गव्हर्नर व्हिटमन यांच्या हस्ते ते दिलं गेलं. पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठाची पीएचडी. उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्याकडून संशोधनाला पैसाही येऊ लागला. पण या पैशाला एक दोरी बांधलेली असे. देणगीदारांचं म्हणणं, तुम्ही हॉवर्डमध्येच राहा, तुमच्या लोकांना शिकवा, पदव्युत्तर वर्ग चालवा. जस्ट यांचं म्हणणं, मला प्रयोगशाळा द्या. समाजसेवा हा शब्द आपण फार सहज वापरतो. एखाद्या गोऱ्या शास्त्रज्ञाला कुणी म्हटलं असतं का, की संशोधन राहू दे, आधी तुझ्या समाजाचं ऋण फेड? इथे मी जस्ट यांच्या बाजूचा आहे. पण वर्गात वाट पाहणारी ती मुलंही खोटी नव्हती, हेही मला विसरता येत नाही.

आणि एक डाग आहे, तो झाकू नये. रॉजर आर्लिनर यंग या त्यांच्या विद्यार्थिनी आणि सहकारी. जस्ट युरोपात असताना विभागाचा गाडा त्यांनीच ओढला. पुढे दोघांचं बिनसलं आणि 1936 मध्ये यंग यांची नोकरी गेली. ज्या माणसाने आयुष्यभर डावललं जाणं सोसलं, त्याच्याच विभागातून ही बाई डावलली गेली. यंग खचल्या नाहीत. 1940 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी घेऊन त्या प्राणिशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरल्या.

1929 च्या जानेवारीत जस्ट इटलीत नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात गेले, आणि दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत पाहुणे म्हणून. तिथे माणसं त्यांच्याशी अंड्याबद्दल बोलायची, कातडीबद्दल नव्हे. 1930 नंतर ते वुड्स होलला पुन्हा गेले नाहीत. पण 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनही संपलं. मग पॅरिस, मग ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं रॉस्कॉफ.

1939 साली त्यांची दोन पुस्तकं आली. एक समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग कसे करावेत याचं, आणि दुसरं पेशीच्या पृष्ठभागाच्या जीवशास्त्रावर. त्या वेळी मॉर्गन आणि त्यांच्या मंडळींमुळे सगळ्यांचं लक्ष केंद्रकाकडे आणि जनुकांकडे लागलं होतं. जस्ट सांगत होते की पेशीचा पृष्ठभाग म्हणजे नुसती पिशवी नाही. बाहेरचं जग आणि आतलं जीवन यांचा व्यवहार तिथेच चालतो. त्याच वर्षी पहिली पत्नी एथेल यांच्यापासून घटस्फोट घेऊन त्यांनी हेडविग श्नेट्झलर या जर्मन तरुणीशी लग्न केलं.

1940 च्या मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. जस्ट यांना धरून छावणीत ठेवण्यात आलं. हेडविग यांच्या वडिलांची खटपट आणि अमेरिकन परराष्ट्र खात्याची मदत यामुळे सुटका झाली, आणि गरोदर पत्नीला घेऊन ते सप्टेंबरात मायदेशी परतले. पुन्हा हॉवर्ड, पुन्हा तोच वर्ग. पण अंगात दुखणं मुरलेलं होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने 27 ऑक्टोबर 1941 रोजी वॉशिंग्टनमध्ये ते गेले. वय 58.

लिली यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. वुड्स होलच्या पहिल्या उन्हाळ्यापासून ते या माणसाला ओळखत होते. जस्ट यांच्या आयुष्याला शोकांतिकेची किनार होती, असं त्यांनी त्यात मोकळेपणी मान्य केलं. मात्र लिली ज्या शिकागो विद्यापीठात विभागप्रमुख होते, तिथे जस्ट यांना पीएचडी मिळाली. नोकरी कधीच मिळाली नाही.