हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार व संपादक होते. वाचकवर्गात ते हरिभाऊ या नावाने ओळखले जात. सामाजिक आणि ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, आणि त्यांतील बहुतेक त्यांनीच चालविलेल्या करमणूक या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. पण लक्षात कोण घेतो?, मी, उषःकाल, गड आला पण सिंह गेला आणि वज्राघात या त्यांच्या विशेष प्रसिद्ध कृती होत.

पूर्वायुष्य

हरिभाऊंचा जन्म खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच आई वारल्याने त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. पुतण्यानेही कायद्याची परीक्षा द्यावी व आपल्या व्यवसायात यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १८७८ मध्ये कुटुंब पुण्यास आले आणि हरिभाऊ पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे तिघेही त्या वेळी तेथे शिकवीत असत. एकाच शाळेत असे शिक्षक लाभलेला दुसरा मराठी कादंबरीकार सापडणे कठीण आहे.

१८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले, तेव्हा विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी शिष्यजनविलाप हे शोककाव्य रचले. त्यानंतर थोड्याच काळात आगरकरांनी हॅम्लेटच्या केलेल्या विकारविलसित या भाषांतरावर त्यांनी विस्तृत टीकालेख लिहिला. भाषांतरकार हे लेखकाचे स्वतःचे शिक्षक होते, ही गोष्ट लक्षात घेता या लेखातील धीटपणा उल्लेखनीय ठरतो.

पुढे ते डेक्कन महाविद्यालयात गेले. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयाचे त्यांचे वाचन मोठे होते. गणिताने मात्र त्यांची वाट अडविली. पदवी न घेताच त्यांनी शिक्षण सोडले आणि चुलत्यांनी आखून ठेवलेला वकिलीचा मार्ग कायमचा बंद झाला.

निर्वाहाची सोय

केवळ लेखनावर निर्वाह होणे त्या काळी मराठीत जवळजवळ अशक्य होते. पुस्तके विकत घेणारा वर्ग लहान होता, आणि दक्षिणा प्राइझ कमिटीसारख्या संस्थांचे पारितोषिक हा ग्रंथकारांचा एक मोठा आधार असे. महादेव चिमणाजींनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्कृत हस्तलिखिते जमविणे, ती शुद्ध करून छापणे हे तिचे कार्य होते. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली व अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. वकील न झालेल्या पुतण्याला चुलत्यांनीच अशा रीतीने स्थैर्य मिळवून दिले. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीतील जुन्या पोथ्यांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून हरी नारायण आपटे हे नाव आढळते. संस्कृतच्या अनेक अभ्यासकांना ते याच नात्याने परिचित आहे. कादंबरीकार तो हाच, हे काहींच्या उशिरा ध्यानात येते.

या व्यवस्थेमुळे हरिभाऊंना पुस्तकाच्या खपावर अवलंबून राहावे लागले नाही. छपाई, मुद्रितशोधन आणि ग्रंथाची बांधणी या कामांशी त्यांचा रोजचा संबंध येई.

पहिल्या कादंबऱ्या

मधली स्थिती ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये पुणे वैभव या पत्रातून येऊ लागली. तिच्या रचनेवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया असली, तरी विषय पुण्यातील समकालीन मध्यमवर्गाचा होता. तोवर मराठीत बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटनासारखा (१८५७) अपवाद वगळल्यास मुक्तामाला, मंजुघोषा यांसारख्या अद्भुतरम्य कथांचेच प्राबल्य होते. राजपुत्र, अपहरण आणि योगायोग यांना सरावलेल्या वाचकांपुढे त्यांच्याच आळीतील घर ठेवणे हे धाडसाचे होते.

यानंतरची गणपतराव ही कादंबरी मनोरंजन आणि निबंधचंद्रिका या पुण्याच्या मासिकातून येऊ लागली. (काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये मुंबईत सुरू केलेले मनोरंजन ते हे नव्हे.) ही कादंबरी अपूर्णच राहिली. लेखनाच्या प्रसिद्धीसाठी स्वतःचे नियतकालिक असावे, या विचाराकडे हरिभाऊ याच सुमारास वळलेले दिसतात.

करमणूक

१८९० मध्ये हरिभाऊंनी करमणूक हे साप्ताहिक सुरू केले. राजकारणासाठी केसरी आणि समाजसुधारणेच्या वादासाठी आगरकरांचा सुधारक ही पत्रे असताना त्यांनी तिसरी जागा शोधली: घरातील स्त्रिया व मुले यांच्याही हाती देता येईल, रंजन करील आणि रंजनातून चार गोष्टी शिकवील असे पत्र. त्यात कथा, कविता, चरित्रे, शास्त्रीय माहिती असा मजकूर असे. हे पत्र त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे चालविले.

प्रारंभीच्या अंकांपासूनच त्यात पण लक्षात कोण घेतो? ही कादंबरी येऊ लागली. यमू ही मुलगी स्वतःची कहाणी स्वतः सांगते, अशी तिची रचना आहे. माहेर, बालविवाह, सासर, पतीबरोबरचा थोड्या दिवसांचा सुखाचा संसार, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हा तिचा क्रम. याच वेळी संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात तीव्र वाद पेटला होता व १८९१ मध्ये तो कायदा संमत झाला. सभांमधून व अग्रलेखांतून पुरुष ज्या प्रश्नावर भांडत होते, तोच प्रश्न हरिभाऊंनी एका मुलीच्या साध्या घरगुती बोलीत मांडला. कोणत्याही निबंधाने झाला नसता असा परिणाम या बोलीने साधला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये निघाली.

त्याच वर्षी मी या कादंबरीचे प्रकाशन करमणुकीतून सुरू झाले. तिचा नायक भावानंद स्वतःचे आयुष्य देशकार्यास वाहून घेतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच्या कल्पनेशी भावानंदाच्या मठाचे साम्य समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे.

क्रमशः प्रकाशनाने हरिभाऊंना वाचक दिला, आणि त्याची किंमतही घेतली. आठवड्याचा मजकूर आठवड्याला देणे भाग असल्याने कथानक आधी पूर्ण आखून घेण्यास अवसर नसे. प्रकरणे लांबत, वाचकांशी थेट संवाद करण्यात पानेच्या पाने जात, आणि एक कादंबरी संपण्यापूर्वीच दुसरी सुरू होई. अनेक आरंभ शेवटाला गेले नाहीत. पाल्हाळ हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप आहे व तो खराही आहे. परंतु संवाद, स्वभावचित्रण आणि पुणेरी घरांतील बारीकसारीक व्यवहार यांना जो भरघोसपणा आला, तोही याच सवडीने दिला.

ऐतिहासिक कादंबऱ्या व कथा

म्हैसूरचा वाघ ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. शिवकालावरील उषःकालपासून (१८९५–९७) त्यांनी स्वतंत्र वाट धरली. गड आला पण सिंह गेला तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडावरील पराक्रमावर, चंद्रगुप्त मौर्यकालावर, तर वज्राघात विजयनगरच्या विनाशावर आहे. इतिहाससंशोधन तेव्हा बाल्यावस्थेत असल्याने त्यांतील तपशील आज सर्वत्र टिकत नाही.

स्फुट गोष्टी या नावाने संगृहीत झालेल्या त्यांच्या कथांमुळे मराठी लघुकथेच्या आद्य लेखकांत त्यांची गणना होते. दुष्काळात घर सोडावे लागलेल्या शेतकरी कुटुंबाची काळ तर मोठा कठीण आला ही कथा त्यांत सर्वाधिक वाचली गेली.

सार्वजनिक कार्य व अखेरची वर्षे

पुणे नगरपालिकेचे ते सभासद व पुढे अध्यक्ष होते. १९१२ मध्ये अकोला येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले, आणि १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी मराठी भाषा व वाङ्मय या विषयावर व्याख्याने दिली. पदवी न मिळालेल्या गृहस्थाला विद्यापीठानेच दिलेले हे निमंत्रण होते.

केशवसुत १९०५ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कवितांचे एकही पुस्तक निघालेले नव्हते. करमणुकीतून त्यांना प्रसिद्धी देणाऱ्या हरिभाऊंनीच त्यांच्या कविता जमवून १९१७ मध्ये पहिला संग्रह काढला. त्याच सुमारास करमणूक बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असता, पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले.