मुलांना मागे ठेवून गेलेली आई

माझा मोठा मुलगा दीड वर्षांचा असताना त्याला सासूबाईंपाशी ठेवून मी बी.एड.साठी तालुक्याहून शहरात राहायला गेले होते. दर शनिवारी घरी यायचे, तरी आळीतल्या बायकांनी बोलायचं ते बोलून घेतलंच. आईचं काळीज आहे की दगड, असं एकीने तोंडावर विचारलं होतं. परवा चिउ जिनविषयी वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला.

नाव ऐकून आपल्या चिऊताईची आठवण होते ना? पण ही बाई चीनमधली. जन्म 1875 च्या सुमाराचा. घराणं सरकारी अधिकाऱ्यांचं, त्यामुळे घरीच लिहायला-वाचायला मिळालं. कविता करायची, पुढे घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायलाही शिकली. पण पाय मात्र रीतीप्रमाणे बांधलेले. चिमुरड्या मुलींची पायाची बोटं तळव्याखाली मुडपून पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे पाऊल इवलंसं राहतं आणि स्थळ चांगलं मिळतं! बांधणारी बहुधा आईच असायची. लेकीचं भलं व्हावं म्हणूनच ती लेकीला रडवायची. मैत्रिणींनो, हे वाचून अंगावर काटा आला.

1896 मध्ये वडिलांनी हुनान प्रांतातल्या एका श्रीमंत घरात तिचं लग्न लावून दिलं. एक मुलगा झाला, एक मुलगी झाली. खायला-प्यायला कमी नव्हतं, पण नवऱ्याशी मन जुळलं नाही. पुढे हे कुटुंब बीजिंगला आलं. 1900 मध्ये परकी फौजांनी ती राजधानी लुटली होती. देशाची ही अवस्था आणि घरात बायकांची ती, दोन्ही तिला सलू लागलं. शेजारीण वू चृ-यिंग शिकलेली होती, तिच्याकडे नवी पुस्तकं, नवे विचार मिळाले.

1904 मध्ये चिउ जिनने दागिने मोडले आणि ती शिकायला एकटी जपानला गेली. मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. बांधलेले पाय तिने सोडले, पण मोडलेली हाडं थोडीच सरळ होतात? त्याच पायांनी ती सभांना गेली, क्रांतिकारकांच्या संघटनेत शिरली.

परत आल्यावर 1907 च्या सुरुवातीला तिने शांघायमध्ये स्त्रियांसाठी नियतकालिक काढलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. पैशांअभावी दोनच अंक निघाले. मग शाओशिंगमध्ये एका शाळेची सूत्रं घेतली. शाळेआड बंडाची तयारी चालली होती. जुलैमध्ये तिच्या साथीदाराचा उठाव फसला. आता शिपाई येणार हे कळूनही ती पळाली नाही. 15 जुलैच्या पहाटे भर चौकात तिचा शिरच्छेद झाला. घरचे भीतीने पुढे येईनात, तेव्हा वू चृ-यिंग आणि आणखी एका मैत्रिणीने हँगचौच्या तळ्याकाठी जागा घेऊन तिचं दफन केलं. सरकारने ती कबरही हलवायला लावली. आज त्याच तळ्याकाठी तिचा पुतळा उभा आहे.

1911 च्या क्रांतीने राजवट गेली आणि 1912 मध्ये नव्या सरकारने पाय बांधायला बंदी केली. तिची लेक पुढे अमेरिकेत जाऊन विमानविद्या शिकली. आईने पाय मोकळे केले, लेक आकाशात गेली!

तरी त्या दोन लेकरांनी आईविना काय सोसलं असेल, हे मनातून जात नाही. तिला देवी करून हा प्रश्न टाळावा, असं मला वाटत नाही. पण घर सोडून देशासाठी गेलेल्या बापाला असा हिशेब आपण कधी विचारतो का?

आजच्या चीनमध्ये पायाच्या पट्ट्या नाहीत. पण 1980 पासून 2015 पर्यंत एकच मूल पुरे असं सरकार सांगत होतं, 2021 पासून तीन होऊ द्या म्हणतं आहे, कारण जन्मदर घटू लागला. नोकरी, घरभाडं, म्हातारे आईवडील या ओढाताणीत कित्येक तरुणी लग्नालाच तयार नाहीत. बाईने कसं जगावं हे ठरवणारे बदलतात, ठरवणं काही थांबत नाही.

माझा मुलगा आता नोकरीला आहे. त्या दिवसांबद्दल त्याला विचारलं, तर त्याला आठवतो फक्त शनिवार, मी एस.टी.तून उतरायचे तो. मला मात्र रविवारची संध्याकाळ आठवते. चिउ जिनला तर शनिवारही नव्हता.