विश्लेषण : उतारावर गाडी गिअरमध्ये का ठेवायची? वालचंद हिराचंद आणि मुंबईच्या गिअरच्या गाडीची गोष्ट

बेलापूरच्या पारसिक हिलचा चढाचा रस्ता असो की एखाद्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगचा रॅम्प, नवी मुंबईत गाडी उभी करताना उताराचा विचार करावाच लागतो. घरातले जुने चालक हँडब्रेक ओढूनही समाधानी नसतात. ते गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतात, पुढची चाके फुटपाथकडे वळवतात आणि तरीही शंका वाटली तर चाकाला दगड लावतात. यांतले अनेक जण गाडी शिकले ते कुर्ल्यात तयार झालेल्या फियाटवर. तो कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद आज पाठ्यपुस्तकात जहाजवाले किंवा साखर कारखानदार म्हणून भेटतात. मोटारीसाठी त्यांनी किती वर्षे घालवली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

सोलापूर ते भोर घाट

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातले गुजराती जैन. सोलापुरात त्यांचा कापूस आणि सावकारीचा व्यवसाय होता. वालचंद मुंबईच्या सेंट झेव्हियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच परतले. घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. पुढे मुंबई-पुणे रेल्वेच्या भोर घाटातील बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्याकडे आली. 1926 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीनेच पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला.

जहाज, विमान आणि मग मोटार

1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी हे जहाज विक्रीला असल्याचे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी राहिली. 5 एप्रिल 1919 रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. राष्ट्रीय सागरी दिन याच तारखेला पाळला जातो. न्हावा-शेवा बंदर असलेल्या या परिसराला ही तारीख नवी नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला, तरी कंपनी टिकली.

मोटारीचा मार्ग याहून अवघड निघाला. देशात मोटारी बनवण्याची योजना एम. विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मांडली आणि वालचंद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. या कामासाठी ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. याच दौऱ्यातून परतताना विमानप्रवासात विमान उद्योगातील विल्यम पॉली भेटले आणि त्या ओळखीतून 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. मोटार आणायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला, असेच म्हणायचे! 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. 1942 मध्ये मात्र विमान कारखाना सरकारने आपल्या ताब्यात घेतला. महायुद्ध सुरू असताना मोटार कारखान्याला दिल्लीच्या सरकारने हात दिला नाही. विमान आणि जहाज युद्धाच्या कामाचे, मोटार मात्र नाही, हा हिशेब वालचंद यांना कधीच पटला नाही.

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावरील पहिली वाहने बाहेर पडली. सुरुवातीचे काम बाहेरून आलेले भाग जोडण्याचेच होते.

गिअरमध्ये ठेवल्याने नेमके काय होते?

या गाड्यांना चालकाने स्वतः गिअर टाकायचे असत आणि पार्किंगचे सगळे गणित त्यातच आहे. ऑटोमॅटिक गाडीत पार्कचा वेगळा खटका असतो, गिअरच्या गाडीत तो नसतो. इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली की चाके गिअरबॉक्समार्फत इंजिनला जोडलेली राहतात. चाक एकदा फिरायचे तर इंजिनला साधारण 12 ते 15 वेळा फिरावे लागते आणि प्रत्येक वेळी पिस्टनला सिलिंडरमधली हवा दाबावी लागते. हा विरोध गाडीला धरून ठेवतो. चौथ्या गिअरमध्ये तो बराच कमी असतो, म्हणून पार्किंगला पहिला किंवा रिव्हर्सच. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

पण नुसत्या गिअरवरही भरवसा ठेवू नये. इंजिन जुने असेल, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाबलेली हवा हळूहळू निसटते आणि गाडी थोडी थोडी सरकू लागते. नुसत्या हँडब्रेकचेही तसेच आहे. घाट उतरून आल्यावर ब्रेक तापलेले असतात; ते थंड होताना धातू आकसतो आणि पकड सैल पडू शकते. केबल ताणली गेली असेल तर आणखी पंचाईत. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते आणि हँडब्रेक मागची धरतो, त्यामुळे दोन्ही वापरले की चारही चाके अडतात. फियाटचे इंजिन मागची चाके फिरवत असे. गिअर असो की हँडब्रेक, सगळा भार मागेच. त्या पिढीला दगड लावण्याची सवय उगाच लागली नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा आणि मग पाय हळूच सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा. गाडी हलली नाही तर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करायचे, क्लच दाबून गिअर टाकायचा. घाईत आधी गिअर टाकून क्लच सोडला तर सगळे वजन गिअरच्या दात्यांवर बसते. रस्त्याच्या डाव्या कडेला, उताराकडे तोंड करून गाडी लावताना पुढची चाके डावीकडे वळवावीत. चढाकडे तोंड असेल आणि फुटपाथला उंच कड असेल तर उजवीकडे, म्हणजे गाडी मागे आली तरी चाक कडेला टेकून थांबते. कड नसेल तर चढावरही डावीकडेच.

सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी क्लच पूर्ण दाबणे विसरू नये. गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टरवर पुढे उडी घेते आणि बेसमेंटमध्ये समोर बहुतेक भिंतच असते. पावसाळ्यात सुट्टीवर जाणार असाल तर अपवाद करावा. आठ-दहा दिवस ओढून ठेवलेला हँडब्रेक दमट हवेत ड्रमला चिकटू शकतो. अशा वेळी जागा सपाट असेल तर गिअर आणि चाकाला लाकडी ठोकळा पुरतो.

कायदा काय सांगतो?

ही केवळ शिस्तीची बाब नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार, परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर नसेल तर सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवताना इंजिन बंद करणे आणि गाडी आपोआप चालू लागणार नाही अशा रीतीने ब्रेक लावणे किंवा अन्य उपाय करणे बंधनकारक आहे.

फियाट आली, वालचंद गेले

1949 मध्ये वालचंद यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. त्याच सुमारास प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली. 1951 मध्ये छोटी फियाट 500 आली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंद यांचे निधन झाले. ज्या मोटारीमुळे कुर्ल्याचा कारखाना घराघरात पोहोचला, ती फियाट 1100 आली 1954 मध्ये. त्यांनी ती पाहिलीच नाही. त्यांना मूलबाळ नव्हते; उद्योगांची सूत्रे भाऊ लालचंद आणि इतरांकडे गेली.

1089 सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असलेली हीच गाडी 1970 च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑगस्ट 2003 रोजी झाली. टॅक्सीसाठी 20 वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. काही खासगी पद्मिनी अजून हौसेने जपलेल्या आहेत. त्यांच्या मालकांना मात्र गिअरच्या दांड्याचे झिजलेले सांधे बदलायचे तर सुटे भाग शोधत फिरावे लागते.