फक्त बी. ए. झालेले गणिती : दामोदर कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना इतिहासामुळे ठाऊक असते. परंतु त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय गणिताचा होता, हे फार थोड्यांना माहीत असेल.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले व पाली भाषेचे पंडित झाले. हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी ते अमेरिकेस निघाले तेव्हा, १९१८ साली, त्यांनी दामोदरला बरोबर नेले. तेथेच १९२९ मध्ये दामोदर बी. ए. झाले. त्यापुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही.

बी. ए. होऊन पुढे काय, असे अंबाडी नाक्यावर एस. टी.ची वाट पाहताना मला कुणी ना कुणी विचारतेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून कोसंबींची ही गोष्ट मला विशेष वाटली. हार्वर्डची बी. ए. आणि आमची बी. ए. यांत अंतर आहे, हे मला कळते. तरीही!

काशी व अलीगढ येथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९३३ साली एका जर्मन नियतकालिकात त्यांचा अवकल समीकरणांवरील निबंध छापून आला. हा विषय मला गावातील एका निवृत्त गणित शिक्षकांनी समजावून दिला. शेतावरून गेलेली विजेची तार दोन खांबांना बांधलेली असते. टोके पक्की, पण मध्ये तार किती झोळ घेईल, हे समीकरणाने शोधायचे. टोकांची माहिती म्हणजे सीमेच्या अटी. तारेचे हे समीकरण अरेषीय आहे, म्हणजे त्याची दोन उत्तरे मिळवून तिसरे मिळत नाही. ते निदान सुटते तरी. पुष्कळ अरेषीय समीकरणे सुटतच नाहीत.

कोसंबींनी प्रश्न निराळ्या बाजूने धरला. समीकरणाची सगळी उत्तरे म्हणजे वाटांचे एक जाळे मानले आणि त्या वाटांना साजेशी भूमिती शोधली. या विचाराने उत्तर न काढताही शेजारच्या दोन वाटा जवळ राहतील की दुरावतील, हे ताडता येते. फ्रान्सचे थोर गणिती कार्तां यांनी त्याच अंकात या निबंधावर टिपण लिहिले. पुढे चीनच्या चर्न यांनी भर घातली आणि तिघांच्या नावांनी तो सिद्धान्त ओळखला जाऊ लागला.

इतिहासातही त्यांनी तराजू सोडला नाही. हातोहात फिरून नाणे झिजते, म्हणून हजारो प्राचीन नाणी वजन करून त्यांनी त्यांचा क्रम लावला.

१९४५ मध्ये भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते ये-जा करीत. येथे मात्र दुर्दैव ओढवले. रीमानचा प्रसिद्ध प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सोडविल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही आणि जाणकारांत त्यांचे हसे झाले. भाभांशी अणुशक्तीवरून मतभेद होतेच. सूर्याची शक्ती वापरावी, असे कोसंबींचे मत होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढविली नाही. मला वाटते, एवढा काटेकोर माणूस या एका ठिकाणी घाईत गेला.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांनी एक सूत्र दिले होते. भाताच्या वाणांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात.